चढावर कमी झालेले चाळीस सेकंद

चढाच्या पायथ्याशी अंतर दीड मिनिटाचे होते. माथ्यावर ते पन्नास सेकंदांचे झाले. वेळ मोजणाऱ्या मोटारसायकलस्वाराला मी वॉकीटॉकीवरून आकडा पुन्हा सांगायला लावला. आकडा तोच आला.

कोल्हापूर ते राधानगरी धरण आणि परत, अशा एकदिवसीय सायकल शर्यतीचा मी चीफ कमिसेअर, म्हणजे मुख्य पंच होतो. हायस्कूलमध्ये तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे उरले आहे. दिवसभर मोटारीत बसायचे, सेकंद लिहायचे आणि शेवटी ज्याला वाईट वाटेल त्याचे ऐकून घ्यायचे. त्या दिवशी चौथा तास चालू होता. माझी कंबर धरली होती.

माझ्या मोटारीपुढे सलीम एकटा होता. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा, तेवीस वर्षांचा. गटातून निसटून असे पुढे जाण्याला ब्रेकअवे म्हणतात. मागे पाचजण त्याचा पाठलाग करत होते. पहिल्या तिघांना एक व्यावसायिक संघ वर्षभरासाठी करारबद्ध करणार होता. त्या संघाचे मॅनेजर फिनिशजवळ खुर्ची टाकून बसले होते.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. सपाट रस्त्यावर पाचजण आळीपाळीने वारा अंगावर घेतात, म्हणून ते एकट्याला गाठू शकतात. चढावर वेग कमी, त्यामुळे वाऱ्याचा अडथळाही कमी. तेथे ज्याने त्याने आपल्याच पायांवर चढायचे असते, आणि सलीमची खरी ताकद चढावरच होती. मग दीड किलोमीटरच्या चढावर चाळीस सेकंद गेले कोठे? ‘दमला असावा,’ असे मी वहीत लिहिले. पाठलाग करणाऱ्यांमागे पंचाची मोटार नव्हती. दुसरी मोटार बरीच मागे, मोठ्या गटाबरोबर होती.

रंकाळ्याच्या अलीकडे, शेवटचा एक किलोमीटर उरला असताना, पाचजणांनी त्याला गाठले. सलीम चौथा आला.

मी निकालपत्रक तपासत असताना तातोबा मोटारसायकलवरून आले. ते चढावरच्या गावातील दूध संस्थेचे सचिव. गावातला रस्ता मोकळा ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

“काय सर, झालं का न्हाय नियोजन झकास?”

“रस्ता मोकळा मिळाला. आभारी आहे.”

“रस्त्याचं सोडा वो. पोरं दम टाकत आलती. सगळ्यास्नी पार वरपतूर ढकललं की. दोन्ही अंगाला माणसं उभी केलती.”

मी पेन खाली ठेवले. “तातोबा, ढकलायचे नाही हे मी गेल्या आठवड्यात तुमच्या संस्थेत येऊन सांगितले होते.”

“का ढकलायचं न्हाय, त्ये बी तुम्हीच सांगितलं की. एकाला ढकललं तर दुसऱ्यावर अन्याय हुतोय. म्हणून आम्ही एक बी सोडला न्हाय. मागनं घोळका आला, त्याला बी ढकललं. भेदभाव न्हाय आमच्यात.”

“आणि सर्वांत पुढे होता तो?”

तातोबा विचारात पडले. “त्यो एकटा व्हय? त्यो लईच जोरात गेला. हात लावायला गावलाच न्हाय.”

त्यांनी अभिमानाने मोबाईलवरचे चित्रण दाखवले. एक हात सोडत होता, दुसरा धरत होता. पाचांपैकी दोघे मान हलवून नको म्हणत होते. उरलेल्या तिघांनी मदत मागितली नव्हती आणि नाकारलीही नव्हती.

मी नियमपुस्तिका तीनदा वाचली. स्वतः मागून घेतलेल्या मदतीबद्दल खेळाडूला निकालात खाली ढकलता येते. प्रेक्षकांनी आपणहून दिली असेल तर फक्त ताकीद. सेकंद परत करण्याचे कलम नाही. आयोजक टेबलाशी येऊन म्हणाले, “सर, सही करा. पाहुणे खोळंबलेत.” मी पाच ताकिदी लिहिल्या आणि निकालावर सही केली.

सलीमला मी स्वतः जाऊन सांगितले. तो कठड्यावर बसून बूट काढत होता. सगळे ऐकल्यावर त्याने विचारले, “म्हणजे माझं पाय गेलं न्हवतं?”

“नाही.”

“मला वाटलं, गेलं. चढावर असं कधी हुत न्हाय माझं.” त्याने दुसरा बूट काढून ठेवला. “मॅनेजरास्नी सांगून बघता का, सर?”

सांगून पाहिले. मॅनेजरांनी शांतपणे ऐकून घेतले. “तुमचं पटतंय मला,” ते म्हणाले, “पण वर मला कागद दाखवावा लागतो. कागदावर तो चौथा आहे, आणि सही तुमची आहे.”

सलीमची दुसऱ्या दिवशी सकाळी सातची पाळी होती. बक्षीस समारंभाला न थांबता तो सायकलवरूनच इचलकरंजीला निघाला.

वर्गात प्रत्येक नियमामागचे कारण सांगण्याची मला सवय होती. आता गावोगावच्या सभांत मी एकच वाक्य सांगतो : सायकलस्वाराला हात लावायचा नाही. कोणी कारण विचारले, तर ते शर्यत संपल्यावर सांगतो.