तुरसुनायचे हीटर

कारा-सूच्या बाजारात माझं रजयांचं दुकान आणि समोर तुरसुनायचं हीटरचं. बाई फटकळ, पण गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं तिच्या जिवावर येई.

चिनी माल जीव घेतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात आणि सगळे तोच घेतात. तिच्या हीटरला खाली एक बटण असे. हीटर जमिनीला टेकला की ते दबायचं आणि तो चालायचा. कलंडला की बटण सुटायचं आणि तो बंद. पण आमच्या घरात पाय ठेवाल तिथे लोकरीचा जाड नमदा अंथरलेला. त्यात बटण रुतायचं, दबायचं नाही, आणि हीटर लागायचाच नाही.

“दुकानात चालतो आणि घरी मरतो! चिनीच ना शेवटी!” म्हणत बाया तो परत आणून आदळायच्या.

तुरसुनायने मग बटण दाबून त्यावर लाकडाचा तुकडा पक्का बसवायला सुरुवात केली. हीटर नमद्यावर चालू लागले, तिचं नाव झालं. “बटण उगाच दिलंय का गं?” मी विचारलं, तर म्हणाली, “तू रजया वीक.”

ऐन थंडीत अनार आपा आली; तिनेही तुरसुनायकडूनच हीटर नेला होता. हीटर नमद्यावर कलंडला, तसाच तापत राहिला आणि नातवाच्या पाळण्याची झालर पेटली. सुनेने पोर उचललं. तिचे दोन्ही हात भाजले.

“तुझ्यावर राग नाही पोरी,” आपा म्हणाली. “मेले चिनी! तू तरी काय करणार?”

भोवती जमलेल्यांनी माना डोलावल्या. तुरसुनाय गप्प बसली असती तर सुटली असती.

“चिन्यांनी नाही आपा, मी केलं,” ती म्हणाली. शेल्फवरचा हीटर उलटा करून तिने तो तुकडा उपटला आणि सगळं दाखवलं. “हा काढला की पडल्यावर आपोआप बंद होतो. खाली फक्त फळी ठेवायची. हा घेऊन जा, पैसे नकोत.”

आपा हसली. “चिन्यांना माझ्या नातवाची एवढी काळजी? त्यांना पाठीशी घालू नकोस.”

ती शेजारच्या दुकानातून दुप्पट पैसे मोजून तुर्की हीटर घेऊन आली. तुरसुनायने तो हातात घेऊन उलटा केला. खाली बटणच नव्हतं.

“आपा, हा नको. हा पडला तर चालूच राहील.”

“तुर्की आहे पोरी,” आपा म्हणाली, “भाषेने, धर्माने आपल्यातलेच आहेत ते,” आणि हीटर काखेत मारून नातवाकडे निघाली.