सुजाताचा फील्ड डे

"चालते? म्हणजे नुसती चालते?" शेठजींनी चहाचा कप बशीत ठेवला. "काळे, पळणारी न्हाई का भेटली?"

मी उभा. माझ्या बाजूला सुजाता, तिच्या बाजूला तिचे कोच मोरे सर. सर म्हणजे भोकरदनच्या शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. त्यांचं तोंड असं झालं, की मला वाटलं हे आता इथूनच पायी गावाकडं निघतात.

"शेठजी, ही चालण्याची शर्यत असते," मी म्हणालो. "इंटरनॅशनल."

"चालण्याची? मी रोज गोडाऊनला चार चकरा मारतो. मलाबी पाठवा मंग."

हे लचांड माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर, शेठजी तिचे मालक. आम्ही हायब्रीड कापसाचं बी शेतकऱ्याच्या शेतात तयार करून घेतो. त्या शेताला आम्ही प्लॉट म्हणतो. भोकरदन तालुक्यातले प्लॉट माझ्याकडं. चकरा मारायच्या, व्हिजिट रिपोर्ट भरायचा, शेतात शेतकऱ्याचं ऐकायचं आणि ऑफिसात शेठजींचं. खेळाशी माझा संबंध शाळेतच संपला होता, तोही कबड्डीत दात पडल्यामुळं.

त्या महिन्यात आपल्या देशाचं पथक परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेहून हात हलवत परत आलं. शेठजींनी सगळं टीव्हीवर पाहिलं आणि जिवाला लावून घेतलं. सेल्स मीटिंगमध्ये सेल्सचं नावच निघेना. "एवढा मोठा देश, आन् एक धड मेडल न्हाई! लाज वाटून राह्यली मला."

मार्केटिंगचे बोर्डे साहेब म्हणाले, "शेठजी, कंपन्यांनी पुढं यायला पाहिजे." मार्क मिळवायला ते बोलले आणि काम पडलं माझ्यावर.

"काळे, तुम्ही खेड्यात फिरता. एक खेळाडू शोधा."

"शेठजी, मी कापसातला माणूस."

"शंभर झाडांतून एक जोमदार झाड निवडता ना? तसंच हे. जल्दी करा."

सुजाताला मी ओळखत होतो. राजूर ते हसनाबाद रस्त्यावर ती रोज सकाळी दिसायची. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, पोरीची बस चुकली. जीप बाजूला घेऊन म्हणालो, "ये बाळा, सोडतो." मान न वळवता ती म्हणाली, "टायमिंग लावलंय सर," आणि निघूनसुद्धा गेली. जीप दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि ती पुढं होती.

या शर्यतीचा नियम साधा आहे. एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे आणि पुढं पडणारा पाय गुडघ्यात सरळ. दोन्ही पाय एकदम हवेत दिसले की ते पळणं झालं. पंच लाल कार्ड देतात. ठरावीक कार्डं झाली की बाहेर. म्हणजे जीव खाऊन पळावंसं वाटत असताना कित्येक किलोमीटर चालत राहायचं. माझी तर बघूनच कंबर धरायची.

शेठजींना नियम सांगून पटणार नव्हतं. ते बोर्डेंना म्हणाले, "तुम्ही हिच्यासोबत गेटपर्यंत जाऊन या बरं."

गेट काही लांब नाही. बोर्डे अर्ध्यातच पळायला लागले. परत येऊन ते बियाण्याच्या पोत्यांवर बसले आणि धापा टाकत राहिले. सुजाताचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

शेठजी खुर्चीतून उठले. "अरे वा! पोरगी चालून राह्यली आन् बोर्डे पळून राह्यले! ठरलं. बूट, खुराक, सरांची फी, जाणं-येणं, सगळं कंपनीचं."

परत जाताना जीपमध्ये सुजाता म्हणाली, "सर, ही माझी शेवटची ट्रायल आहे." तिचे वडील गवंडीकाम करायचे. तीन वर्षं त्यांनी पोरीला एक शब्द विचारला नव्हता. आता म्हणाले होते, तीन महिन्यांनी ट्रायल आहे, त्यात नॅशनल कॅम्पला निवड झाली तर ठीक, नाहीतर पोलीस भरतीचा फॉर्म भर. "पप्पांचं चुकत न्हाई सर. पण मला जायचंय."

मी म्हणालो, "आता कंपनी आहे ना पाठीशी. बिलकुल काळजी करू नको."

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एखादं वाण चांगलं आलं, की आम्ही त्या शेतात बोर्ड लावतो, मंडप टाकतो, चार गावचे शेतकरी आणि दुकानदार जमवतो आणि पीक दाखवतो. याला फील्ड डे म्हणतात. फोटो निघतात, सत्कार होतात, जेवण होतं. आमच्या कंपनीला चांगली गोष्ट दिसली की तिच्याभोवती मंडप टाकायचा एवढंच माहीत. तीच पद्धत आम्ही सुजाताला लावली.

बोर्डेंनी प्रत्येक डीलरच्या दुकानात तिचा सत्कार ठेवला. बोर्ड छापले. त्यावर सुजाताचा फोटो, बाजूला कापसाचं बोंड आणि खाली, 'चाल आमची, उत्पन्न तुमचं.' कोण चालणार, कोणाला उत्पन्न, काही विचारू नका. परतूर झालं, आष्टी झालं, अंबड झालं. प्रत्येक ठिकाणी फेटा, शाल, नारळ आणि "दोन शब्द बोला." पोरगी पहाटे सराव करायची ती दहा वाजता माझ्या जीपमध्ये बसायची आणि दिवेलागणीला घरी. तिची आई मला म्हणाली, "दादा, आता नारळ नका देऊ. आमच्या घरात तीन आठवडे झाले, दुसरी चटणीच न्हाई."

मला खेळाडूचा व्हिजिट रिपोर्ट भरायला सांगितला होता. वेगळा फॉर्म नव्हता म्हणून प्लॉटचाच भरला. पिकाची अवस्था: जोमदार. कीड: सत्कार. प्रादुर्भाव: तीव्र. शेरा: तातडीने फवारणी आवश्यक. बोर्डेंचा उलट निरोप आला, "फोटो जोडा."

राजूरला मात्र हद्द झाली. तिथल्या डीलरनं मुद्दाम चतुर्थी धरली, कारण गणपतीला गर्दी. सुजाताला फेटा बांधला, शाल पांघरली, समोर ढोल-ताशा लावला आणि माइकवरचा गडी म्हणाला, "आता ताई आपल्याला पळून दाखवतील!"

ती चालायला लागली. ढोलवाल्याला चेव आला, त्यानं ठेका वाढवला. एक आजी कळवळून म्हणाली, "अगं बाई, पायात काटा मोडला का गं तुझ्या?" सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

जीपमध्ये बसल्यावर तिनं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि रडायलाच लागली. "सर, मेडल आणल्यावर घाला ना फेटे. आधीच घालून राह्यले तुम्ही! मला झोप पाहिजे सर. मला कोणी बघायला नको. मला चालू द्या फक्त." मला इतकी लाज वाटली, की हसनाबाद येईपर्यंत मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी मोरे सरांचा फोन. "काळे, तुमची कंपनी यायच्या आधी पोरगी बरी चालत होती. दीड मिनिट मागं गेली ती. अन् तुम्ही म्हणे आष्टीला परत मोठा मेळावा ठेवलाय? ट्रायल दहा दिवसांवर आली असताना?"

ठेवला होता. मंडप ठरला होता, आचारी ठरला होता, दोनशे दुकानदारांना निरोप गेले होते. मी सरळ शेठजींच्या केबिनमध्ये गेलो.

"शेठजी, मेळावा कॅन्सल करा."

"डोकं फिरलं का काळे? आपल्या पोरीचं कौतुक न्हाई करायचं?"

मी सराव, विश्रांती, टायमिंग सगळं सांगून पाहिलं. शेठजी मोबाइल बघत राहिले. मग मला सुचलं.

"शेठजी, क्रॉसिंग चालू असताना तुम्ही प्लॉटमध्ये कोणाला येऊ देता का?"

क्रॉसिंग म्हणजे एका जातीच्या फुलाचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला हातानं लावायचा. हायब्रीड बी यातूनच तयार होतं. फार नाजूक काम. त्या दिवसांत प्लॉटवर पाहुणा नाही, फोटो नाही, मंडप नाही. शिवाय आजूबाजूला दुसऱ्या कापसापासून ठरावीक अंतर मोकळं ठेवतात, त्याला आयसोलेशन म्हणतात.

शेठजींनी मोबाइल ठेवला. "तिचं क्रॉसिंग चालू आहे म्हणता?"

"ऐन भरात. आन् आपण ढोल वाजवून राह्यलो."

"अरे देवा," शेठजी म्हणाले. आचाऱ्याला त्यांनी स्वतः फोन केला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शेठजी कुठलंच काम अर्धं करत नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हसनाबादच्या रस्त्यावर आमचा प्लॉटचा वॉचमन नामदेव नेमला. ऑर्डर दिली, सुजाताच्या जवळ कोणी फिरकायचं नाही. नामदेवनं पहिल्याच सकाळी मोरे सरांना अडवलं. सर शिट्टी आणि स्टॉपवॉच दाखवत राहिले. नामदेव म्हणाला, "असं लय जण दाखवतात." दोन दिवसांनी खुद्द शेठजी लांबून बघायला म्हणून आले.

"आयसोलेशन आहे. पुढं जाता येणार न्हाई."

"अरे, मी शेठजी!"

"बराबर आहे. पण आर्डर शेठजींचीच हाय."

शेठजी गुपचूप गाडीत बसून परत गेले. दिवसभर ऑफिसात सांगत होते, "माणूस असा पाहिजे."

त्या दहा दिवसांत सुजाता चालली, जेवली आणि झोपली. टायमिंग रोज खाली येत होतं. ट्रायल दुसऱ्या राज्यात होती, मोरे सर सोबत गेले. आम्ही ऑफिसात फोनभोवती बसलो होतो. सरांचा फोन आला. एकही लाल कार्ड नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायमिंग. निवड नऊ सेकंदांनी हुकली.

मग शेठजींनी विचारलं, "काळे, कशानं गेलं हो?"

ऊन होतं म्हणता आलं असतं. पंचांवर ढकलता आलं असतं. नोकरी बावीस वर्षांची, त्यामुळं ओठांवर आलंही होतं. पण फेटा मांडीवर घेऊन रडणारी पोरगी डोळ्यांसमोरून हलेना.

"आपल्यामुळं," मी म्हणालो.

बोर्डे खिडकीबाहेर बघायला लागले. शेठजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गाडी काढा," म्हणाले.

हसनाबादला सुजाताचे वडील ओट्यावर बसले होते. बाजूला भरतीचा फॉर्म होता, अर्धा भरलेला. शेठजी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांना खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पोरीचं काही चुकलं न्हाई," ते म्हणाले. "नऊ सेकंद मी खाल्ले. एक वर्ष द्या मला. दहा दिवसांत जे जमलं ते वर्षभर करू."

वडिलांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. "कबूल. पण तुम्ही यायचं न्हाई इकडं," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

"न्हाई येत," शेठजी म्हणाले. आणि खरंच गेले नाहीत.

पुढच्या ट्रायलला सुजाताची निवड झाली. आता ती नॅशनल कॅम्पमध्ये आहे. मेडल येईल का, मला माहीत नाही. मी कापसातला माणूस आहे. एवढं मात्र शिकलो, की खेळाडूला मदत करण्यात सगळ्यात अवघड भाग म्हणजे मदत करून बाजूला होणं. त्याचा फोटो निघत नाही.

मी दर रविवारी तिला फोन लावतो. तिच्या नव्या कोचनी मोबाइलवर बंदी घातली आहे, त्यामुळं ती उचलत नाही. मला लई बरं वाटतं.