सक्युलंटची आवणी

अक्षर माझं कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. वही माझीच, वाचणारीही बहुतेक मीच, पण माफी मागून ठेवलेली बरी.

गेल्या पावसाळ्यात मी बत्तीस झाडं बुडवून मारली.

झाडं माझी सून प्रणालीची. जाड पानांची, वाटीएवढ्या कुंड्यांतली, कोरफडीची चुलत भावंडं म्हणा. ती त्यांना सक्युलंट म्हणते. खारघरच्या एका बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तशा सत्तर कुंड्या सांगितल्या होत्या आणि तीन हजार आगाऊ दिले होते. प्रणालीची ही पहिली कमाई. ह्या बत्तिसांची पिल्लं करून ती सत्तर भरणार होती. तेवढ्यात ती बाळंतपणाला उरणला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आई, झाडं खिडकीतच राहू दे. पाणी घालू नका. बाहेर कधी लावायची ते मी आल्यावर बघते."

मृग लागला तसे आमचे हे बेचैन झाले. करंजाड्यातली आमची शेतं जाऊन तिथे इमारती आल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण ह्यांचे हात अजून शिवशिवतात.

"कवा लावायची ही झाडा?"

"ती आल्यावर बघणार हाय."

"ती येल गनपती झाल्यावं. आवणीचा टायम गेला का पीक गेला, येवरा पन तिला कलत नाय?"

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. आमच्या घरात त्याहून मोठं शास्त्र नाही. मला वाटलं, पोर येईल तेव्हा सत्तरच्या जागी शंभर दिसतील, खूश होईल. (मी लाजाळू, कोणाला विचारायला जात नाही. चुकते तीसुद्धा गुपचूप.)

ह्यांनी मागच्या दारी बांध घातला, पाणी अडवलं, पायाने चिखल केला. मी कुंड्या उपड्या केल्या, तर आत माती नाहीच, नुसती खडी आणि वाळू! पोरीला माती घ्यायला पैसे नव्हते की काय, म्हणून मला भरून आलं. सगळी खडी धुऊन काढली. मग आम्ही दोघं ओणवे होऊन, मागे सरकत, ओळीने बत्तीस झाडं लावून आलो. भिंतीपलीकडून जाऊबाईने विचारलं, "काय गो, कोबी लावलास का?"

"सक्युलंट," मी म्हटलं.

"आमाला पन दे एक गड्डा."

आठ दिवसांत झाडं टरारून फुगली. प्रणालीचा फोन आला.

"झाडं कशी आहेत, आई?"

"बाळसं धरलंय."

"पाणी नाही ना घातलंत?"

"मी एक थेंब घातला नाय." (खरंच नव्हता घातला. वरून पडत होता.)

पुढच्या आठवड्यात पानं शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसायला लागली. हे म्हणाले, खत कमी पडलं. शेण घातलं. पानं गळाली. मग मी छत्री बांधली. छत्री उडून जाऊबाईच्या अंगणात गेली. उरलेली पाच झाडं घरात आणली आणि प्रणालीचं केस वाळवायचं यंत्र लावून वाळवत बसले. अर्ध्या तासाने अळू उकडल्यासारखा वास आला. हे आतून म्हणाले, "जेवन झाला काय?"

गणपतीनंतर प्रणाली नातीला घेऊन आली. मागच्या दारी गेली, डबक्याकडे बघत उभी राहिली.

"आई, ह्यांना बाहेर लावायचं ते पाऊस सरल्यावर. दसरा झाला की. कोरड्या हवेत."

"मंग सांगितलं का नाय?"

"सांगितलं होतं, मी आल्यावर बघते."

आगाऊ घेतलेले पैसे दवाखान्यात गेले होते. ती ओरडली असती तर सोपं झालं असतं, पण ती मुलीला मांडीवर घेऊन नुसतीच थोपटत बसली. त्या बाईंना ती काय तोंड दाखवणार? मी म्हटलं, "बाईंचे पैसे मी फेडीन. तू फोन करून तेवढं सांग."

मला येतं एकच. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलून डाळिंब्या करायच्या. पावशेराच्या पिशव्या घेऊन मी खारघरला त्या बाईंच्याच इमारतीत जायला लागले. पहिल्या दिवशी बेल न वाजवताच दारासमोर उभी राहिले, शेवटी वॉचमनने वाजवली. पण डाळिंब्या खपल्या. सोलून सोलून नखं हिरवी झाली. दर महिन्याला थोडे थोडे करून, संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटचे पाचशे बाईंच्या हातावर ठेवले.

बाईंनी मोजले. "झाले काकू, सगळे फिटले." टेबलावर वाणाचे प्लास्टिकचे डबे रचले होते, तिकडे मी बघितलं नाही. मी निघाले तर म्हणाल्या, "काकू, तुम्हाला आता अनुभव आहे. माझ्याकडे अशी दोन झाडं आहेत. बाहेर गच्चीत कधी लावू?"

इमारतीतल्या कोणी मला सल्ला विचारायची ती पहिलीच वेळ. मी नीट विचार करून सांगितलं, "पाऊस सरल्यावर, दसरा झाल्यावर, आणि मी गावाला गेलेली असताना."