मशीन थांबलं की वाक्य पास

माझा मामा बस डेपोत सुट्या भागांच्या गोदामावर कारकून होता. दिवसभर नट-बोल्ट आणि ब्रेकच्या पट्ट्यांत बसलेला हा माणूस संध्याकाळी एखाद्या सभेत उभा राहिला की ड्रायव्हर लोक हातातली विडी विझवून ऐकायचे. कामगारांची सभा असो, शाळेचं बक्षीस वाटप असो की कुणाची शोकसभा, बोलावणं मामालाच. लोक म्हणायचे, याच्या जिभेवर सरस्वती आहे. सरस्वती वगैरे काही नव्हती. होती ती माझी मामी, आणि ती जिभेवर नव्हती, पायमशीनवर होती.

कॉलेजच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा मला हे कळलं. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे. मामी एका दुकानासाठी शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची. सभेच्या आदल्या दिवशी मामा हातात कागद घेऊन दाराच्या चौकटीला टेकायचा आणि मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून भाषण म्हणायचा. मामी मान वर करायची नाही. तिचे पाय चालूच. मग मध्येच कुठेतरी ते थांबायचे, सुई कापडात तशीच रुतलेली, आणि मामा पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारायचा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मशीन थांबलं की वाक्य पास," मामा म्हणाला. "चालू राहिलं की कापायचं. अगं, हॉलमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकेक मशीन चालू असतं. कुणाची दाढ दुखतेय, कुणाचं घरी भांडण झालंय. ते बंद पाडता आलं तर ते भाषण. नाहीतर आहेच आपलं, पालथ्या घड्यावर पाणी."

एका म्हाताऱ्या कंडक्टरची शोकसभा होती. मामाने कागदावर 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ', 'भरून न येणारी पोकळी' असं सगळं ठेवणीतलं सामान काढलं होतं. मामीने तेवढ्यात दोन कॉलरी संपवल्या. शेवटी मामाने वैतागून कागद खाली ठेवला आणि सहज म्हणाला, "लहान पोराला सुटे द्यायचे असले ना, तर तो नाणं आधी बाहीला पुसायचा." मशीन थांबलं. दुसऱ्या दिवशी म्हणे त्या एका वाक्यावर अख्खी सभा रडली.

म्हणे, कारण आम्ही कुणीच तिथे नव्हतो. मामी तर तोवर एकाही सभेला गेली नव्हती. कधी कॉलरी द्यायच्या असत, कधी घरी पाहुणे, आणि मुख्य म्हणजे मामा कधी चल म्हणालाच नाही. तो सभेहून आला की ताट वाढता वाढता ती विचारायची, "कुठे हसले?" मामा सांगायचा. "आणि मागची माणसं? तीपण हसली?" मामा मान डोलवायचा आणि जेवायला लागायचा.

एकदा दाताने दोरा तोडता तोडता ती मला म्हणाली, "मी हसले तर एकटीच हसते गं. एवढी माणसं एकदम हसतात ना, ते एकदा ऐकायचंय मला. आपण आधी ऐकलेल्या वाक्याला सगळे हसताहेत, कसं वाटत असेल?"

मी तडक जाऊन मामाला सांगितलं. तर हा म्हणतो, "तिने सगळं ऐकलेलंच असतं की. शिळं कशाला ऐकायला येईल?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला मामीबद्दल खरं वाटायचं. हजार लोकांच्या मनातलं ओळखणारा हा माणूस स्वतःच्या घरात शुद्ध ठोंब्या होता. तसं मी त्याला तोंडावर म्हटलंही. तो हसला.

पण काहीतरी लागलं असावं. कारण त्याच्या निवृत्तीचा समारंभ ठरला आणि तो मामीला म्हणाला, "या वेळी घरी काही म्हणून दाखवणार नाही. हे तू तिथेच ऐक. ताजं."

तो आठवडा मामी जमिनीवर नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरी शिवणाऱ्या या बाईने पहिल्यांदा स्वतःसाठी कापड आणलं. मामा न्हाणीघरात नळ सोडून भाषण पुटपुटायचा आणि मामी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवायची, चुकून कानावर पडू नये म्हणून.

डेपोचा हॉल म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. मामीला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, शेजारी मी. मागे ड्रायव्हर, मेकॅनिक, कॅन्टीनवाल्या बायका, उभं राहायला जागा नाही. मामा उठला, टाळ्या पडल्या, त्याने मामीकडे पाहिलं. आणि तिथेच घोडं अडलं.

मामी हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून, श्वास धरून बसली होती. पहिल्या शब्दाआधीच तिचं सगळं थांबलेलं! आता कुठलं वाक्य पास आणि कुठलं नापास, मामाला कळणार कसं? त्याने एक वाक्य म्हटलं, तिच्याकडे पाहिलं. दुसरं म्हटलं, तिच्याकडे पाहिलं. आवाज खाली आला, इतका की तो फक्त तिच्याशीच बोलत असावा. मग कागद वर घेतला. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणाला, पाणी प्यायला, पुन्हा 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणाला. मागे कुणीतरी खोकलं. खोकला संसर्गजन्य असतो. खुर्च्या करकरल्या, कुजबुज सुरू झाली.

मामाचं तोंड कागदाआड असतानाच मामी उठली. वाकून, कुणाच्या आड न येता कडेकडेने गेली आणि बाजूच्या दाराने बाहेर. मी तिच्या मागे धावले.

"अगं, काय करतेस? आत चल!"

"मी समोर आहे तोवर हे मलाच बघणार. गुरुजी समोर उभे राहिले की येणारा पाढाही विसरतो की नाही? तसं झालंय." तिने दार ओढून घेतलं.

"मग मागे उभी राहा!"

"शोधतील गं. नसलेलं बरं."

डेपोच्या आवारात एक बस इंजिन चालू ठेवून उभी होती. तिच्या घरघरीत आतलं अक्षर ऐकू येईना. मामीने दाराला कान लावला. थोड्या वेळाने आतून हशा आला. मोठा, मागच्या माणसांसकट. मामीने माझा हात घट्ट धरला. "हसले," ती म्हणाली. "कशाला हसले गं?" मला काय ठाऊक! पुन्हा हसले. मग एकदम सगळं शांत झालं, खूप वेळ, खोकलासुद्धा नाही. आणि मग टाळ्या, पत्रे थरथरतील अशा.

दार उघडलं आणि कॅन्टीनवाल्या बाई डोळे पुसत बाहेर आल्या. "वहिनी! काय बोलले हो तुमच्याबद्दल!"

"काय बोलले?"

"म्हणजे... तुमचं मशीन... आणि ते... मला नाही बाई सांगता येणार, मी काय त्यांच्यासारखी बोलणारी आहे?" आणि त्या पुन्हा रडायला लागल्या. मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, "वहिनी, शब्द नाही सांगता येणार, पण काळजात घुसलं." सगळे तेच. एकाला धड एक वाक्य सांगता येईना.

तेवढ्यात हार घातलेला मामा गर्दीतून वाट काढत आला. चेहरा लाल, डोळे ओले. "मागे गेली होतीस ना? ऐकलंस ना सगळं?"

मी तोंड उघडलं तर मामीने मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "छान झालं."

मामाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. बास! आता विचारायची सोय राहिली नाही. एकदा ऐकलं म्हटल्यावर काय विचारणार? आणि तो? सांगायचं ते सांगून झालंय अशा समजुतीत तो पुढची सगळी वर्षं सुखाने मूग गिळून बसला. मी कितीदा म्हटलं, मी सांगते त्याला. मामीने शपथ घातली. "त्यांचा एवढा चांगला दिवस, तो मोडायचा होय?" मला दोघांचाही राग यायचा. अजून येतो.

मामा गेला. त्यानंतर मामी डेपोतलं कुणीही भेटलं की विषय काढायची. "तुम्ही होतात का हो त्या दिवशी?" लोक म्हणायचे, वा, काय भाषण झालं होतं! पुढे काही नाही.

परवा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. रांगेत एक म्हातारा ड्रायव्हर भेटला. काठी टेकत उठून त्याने तिला नमस्कार केला. मामीने नेहमीचं विचारलं. त्याने नेहमीचं सांगितलं. मी उसासा टाकला. पण मामीचं संपलं नव्हतं.

"माझं नाव घेतलं होतं का हो त्यांनी?"

मामा तिला जन्मभर 'अगं' म्हणत आला. माहेरची माणसं कधीच संपली होती. बाकीच्यांची ती वहिनी, काकू, मामी. तिचं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं होतं.

म्हातारा विचारात पडला. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, तिच्या हातातल्या कागदाकडे. "घेतलं ना," तो म्हणाला. खरं की खोटं, देव जाणे.

"कसं घेतलं?"

तो ओशाळला. मग घसा खाकरून, काठीवर दोन्ही हात ठेवून, भर दवाखान्यात त्याने मोठ्याने तिचं नाव घेतलं. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं.

मामीने डोळे मिटले. "आणखी एकदा म्हणा," ती म्हणाली.