मामांचा माउथपीस

माझ्या बायकोचे मामा एखादी वस्तू निवडायला बसले, की ती बनवणाऱ्यालाच आपण हा धंदा का धरला असं वाटावं. मूळचं तंजावूरचं मराठी घराणं, वेस्ट मांबलमला छोटासा फ्लॅट, अंबत्तूरच्या कारखान्यातून निवृत्त. आणि सनईसारखा सरळ दिसणारा सोप्रानो सॅक्सोफोन हे एकमेव व्यसन. पण मामा वाजवताना मला जितके दिसले, त्याहून अधिक माउथपीस निवडताना दिसले. माउथपीस म्हणजे वाद्याच्या टोकाचा, ओठांत धरून फुंकायचा तुकडा. "वाद्य कंपनीचं असतं, माप्पिळ्ळै," ते मला म्हणत. जावयाला ते तमिळमध्येच हाक मारत. "आवाज मात्र इथं होतो."

नवा माउथपीस दुकानातून पारखायला आणला, की आधी तो शर्टाच्या खिशात फिरायचा, अंगाची ऊब ओळखीची व्हावी म्हणून. एकदा तांबरमच्या गाडीत त्यांनी नुसता माउथपीसच काढून फुंकला. समोरच्या बाई वाकून सीटखाली बदक शोधू लागल्या. मामा गंभीरपणे म्हणाले, "खालच्या स्वरांत हा टिकायचा नाही," आणि तो परत खिशात गेला.

शेवटचा निकाल मामींचा. त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून विळीवर भाजी चिरायच्या. मामा बाहेरच्या खोलीत एकच आलाप माउथपीस बदलून बदलून वाजवायचे. मामींनी कधी कुठलं वाद्य हातात धरलं नव्हतं, पण आतून "हा" किंवा "नको" आलं, की विषय संपला. मामांनी त्यावर कधी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी मामी सगळ्याच माउथपीसना "सरी, बरा आहे" म्हणू लागल्या. मामांना शंका आली. माझ्यासमोरच त्यांनी जुना माउथपीस न बदलता पुन्हा वाजवला आणि ओरडून म्हणाले, "हा नवा!"

"आधीच्यापेक्षा बरा," आतून उत्तर आलं.

मामांनी वाद्य खाली ठेवलं. दारात जाऊन हळूच हाक मारली. विळी चालूच राहिली. ते तिथेच उभे राहिले. काही वेळाने मामी वळल्या, त्यांचा चेहरा पाहिला आणि समजल्या.

"मज नीट ऐकू येईना," त्या म्हणाल्या. "तुम्हास सांगितलं असतं, तर तुम्ही वाजवणं सोडलं असतं."

कानाचं यंत्र आणलं. त्यात बोलणं कळे, पण सॅक्सोफोन नुसता खरखरे. मामा वाजवू लागले की मामी ते काढून ठेवत. मग मामा पुन्हा दुकानात गेले, मी सोबत होतो. आयुष्यभर मऊ, गोल आवाजाच्या मागे लागलेला हा माणूस दुकानदाराला म्हणाला, "लांब पोचणारा दाखवा." दुकानदाराने धातूचा एक काढला. "सार, हा मिरवणुकीत चालतो. घरात भिंती तडकतील."

"तडकू देत."

त्या संध्याकाळी मामी स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, समोर बसल्या. इतर माउथपीसना त्यांनी मान हलवून नकार दिला. धातूचा वाजला तेव्हा मांडीवरचा त्यांचा हात आपोआप हलला. "हा," त्या म्हणाल्या. मामांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ माउथपीसवरची रीड, ती वेताची पातळ पट्टी, पुसत राहिले.

तो आवाज मला आवडत नाही. शेजारी खिडक्या लावून घेतात. पण संध्याकाळी कधी गेलो, तर ती दोघं समोरासमोर बसलेली असतात. मामी मांडीवर ताल धरतात. तो अधूनमधून मागे पडतो. तेव्हा मामा तोच स्वर लांबवत थांबतात, मामींचा तळवा खाली येईपर्यंत.