तोटी घट्ट बंद होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, ज्याच्याबरोबर तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये काढली त्याच्यापाशी नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की दुसरंच काही — मला खरंच धड कळत नाहीये.

मला पत्रकं लिहिता येतात. एवढं एक मला नीट येतं. वेलिंग्टनच्या स्टेशनबाहेर, ऑफिसं सुटायच्या वेळी, दक्षिणेचा बोचरा वारा तोंडावर घेत मी ती शेकड्यांनी वाटली आहेत. पत्रकात सगळं सरळ असतं. वर चोर कोण ते लिहायचं, मध्ये त्याने काय चोरलं, खाली आपली मागणी. शंकेला जागा ठेवायची नाही — वाचणारा गाडी पकडायला पळत असतो. पण हे लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. वर काय लिहू? चोर कोण?

थांबा. आधी मावशीबद्दल सांगते.

सुलभामावशी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. जॉन्सनव्हिलला आमच्या घराच्या मागच्याच रस्त्यावर राहायची. मिरजेत नर्सिंग शिकलेली, इथल्या हॉस्पिटलात वीसेक वर्षं झालेली. बोलायला तोफ. कुणाचा मुलाहिजा नाही. पण तिच्या वॉर्डातल्या पोरी सांगायच्या, की गोळ्यांच्या ट्रेवरून सुलभाचा हात फिरला की तो ट्रे दुसऱ्या कुणी तपासायची गरज नाही. मावशीला स्वतःलाही ते माहीत होतं. त्याच्यावर तिचा सगळा ताठा उभा होता.

आमच्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जायचं ठरवलं, त्याला आता पाच हिवाळे झाले. सहा जण, दोन गाड्या, नऊ दिवस, तंबू. तिकडे एक खाण जमिनीखालचं पाणी उपसत होती आणि तिथल्या मूळ लोकांचे झरे आटत चालले होते. त्यांच्यातल्या दोन म्हाताऱ्या आम्हाला ते झरे दाखवणार होत्या. आम्ही फोटो काढायचे, त्यांचं बोलणं टेपवर घ्यायचं, परत येऊन रान उठवायचं — असा बेत. आमचा म्होरक्या ग्रॅहम, शाळामास्तर, त्याला वाटलं एक नर्स बरोबर हवी. मी मावशीला विचारलं. मीच. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, “तंबूत कधी झोपले नाहीये बाई. चल, ते पण बघू.”

आता मुद्द्याशी यायला हवं. येते.

जायच्या आधी ग्रॅहमच्या गॅरेजमध्ये बैठक झाली. पाण्याचा तक्ता करायचा होता, माणशी रोज किती ते. स्वयंपाक, चहा, पिणं. अंघोळ नाही, हे सगळ्यांना मान्य. संडासला फावडं घेऊन टेकाडामागे जायचं आणि कागद वापरायचा, हेही ग्रॅहमने न लाजता सांगितलं. आणि मावशीने हात वर केला. इंग्रजीत म्हणाली, “मला रोज एक मग पाणी जास्त लागेल. धुवायला. पन्नास वर्षांची सवय आहे, कागद मला जमणार नाही. हवं तर चहा कमी द्या.”

सगळे हसले. वाईट नाही हसले — ग्रॅहम म्हणाला, “स्वीट ॲज, सुलभा,” म्हणजे काही हरकत नाही, आणि तक्त्यावर तिच्या नावापुढे एक मग लिहून टाकला. संपला विषय! पण मी? मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भर सभेत वंशभेदावर बोलणारी मी, पोलिसांच्या समोर न डगमगलेली मी — मान खाली घालून जँडल्सचे, म्हणजे रबरी चपलांचे, पट्टे ओढत बसले. तेवढ्यात लिनने विचारलं. लिन आमच्या गटात सगळ्यांत प्रेमळ. “आणि मीनल, तुला?”

“मला नको,” मी म्हणाले. “मी इथेच वाढलेय.”

खोटं. सरळ खोटं. नऊ वर्षांची असताना पुण्याहून आले, आणि घरी आमच्या बाथरूममध्ये तेव्हाही टमरेल होतं, आजही आहे. वाढलेय म्हणे इथेच.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की मलाही जमत नाही. हसू नका. किंवा हसा. कागद घेऊन टेकाडामागे बसले, आणि परत आले तर दिवसभर आपण घाण आहोत, या एकाच विचाराने डोकं धरलं. दुसऱ्या पहाटेपासून मी चोरून पाणी न्यायला लागले. ज्यूसची एक रिकामी बाटली जाकिटाच्या आत. पाण्याचा मोठा कॅन रात्रभर गाडीच्या मागच्या फळीवर ठेवलेला असायचा, त्याला खाली तोटी. मावशी सगळ्यांत आधी उठायची, तिचा तो मंजूर झालेला मग भरून राजरोस जायची. ती गेली की मी. अर्धी बाटली, कधी पाऊण. ओल्या हातांना तांबडी वाळू चिकटायची ती पँटला पुसायची आणि येऊन सगळ्यांबरोबर खाणीला शिव्या द्यायच्या — पाणीचोर म्हणून! आणि मी त्या मनापासून द्यायचे, हे कसं? खोटं नव्हतं हो ते. तो संताप खरा होता.

इथवर सांगणं तसं सोपं. एवढंच असतं तर मी केव्हाच कुठल्या तरी पार्टीत हसत हसत सांगून मोकळी झाले असते.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी तिचा मग घेऊन गेली. मी कॅनपाशी आले. तोटी इतकी घट्ट बंद होती की गारठलेल्या बोटांनी मला ती फिरवता येईना. जाकिटाची बाही मधे धरून जोर लावला तेव्हा सुटली. हे मला आजही बोटांत आठवतं. बाटली अर्धी भरली असेल, तोच मागे तंबूची झिप उघडल्याचा आवाज. लिन. मी तोटीला उलटा हिसडा दिला आणि बाटली आत कोंबून टेकाडाकडे निघाले. मागे वळून बघितलं नाही.

चहाचं आधण आदल्या संध्याकाळीच किटलीत भरून ठेवायची पद्धत होती, म्हणून तासभर कॅनकडे कुणी फिरकलं नाही. तंबू उतरवले, पांघरुणं झटकली, ओट्स खाल्ले. मग ग्रॅहमने कॅन आत ठेवायला उचलला — आणि तो नुसता वरच आला. रिकामा. खाली वाळूवर हाताएवढा ओलसर डाग, तोही सुकत आलेला. एवढं पाणी त्या जमिनीने आवाज न करता पिऊन टाकलं होतं. शिल्लक दोन कॅन, आणि पुढचं पाणी दोन दिवसांवर.

ग्रॅहम ओरडला नाही. त्याने विचारलं, “याला शेवटचा हात कुणाचा?”

“माझा,” मावशी लगेच म्हणाली. “मग भरला मी. बंद केली मी तोटी.” मग कॅनकडे बघत, “केली असं वाटतंय.”

आणि माझ्याकडे वळून मराठीत, “मीनल, केली ना गं मी बंद? तू उठली होतीस, मी बघितलं तुला. तू बघितलंस का?”

बघा, किती सोपं होतं. तिने दार उघडून धरलं होतं. एक वाक्य, आणि मराठीत, बाकीच्या कुणाला कळलंही नसतं. मावशीने मला फाडून खाल्लं असतं आणि मग स्वतः ग्रॅहमला काहीतरी थाप मारून मला वाचवलंही असतं. ती तशीच आहे. मला हे तेव्हाही माहीत होतं. मग?

मी म्हणाले, “लक्ष नव्हतं मावशी.”

आणि तेवढ्यावर थांबले नाही. ग्रॅहमकडे बघून, आवाज हळू करून, इंग्रजीत म्हणाले, “तिला बोलू नका प्लीज. हल्ली ती जरा विसरते.”

हे माझं वाक्य. इतका वेळ गोल गोल फिरत होते ते याच्याभोवती. पाणी नाही, तोटी नाही — हे वाक्य. आणि ते मी किती मायेने म्हटलं! कुणी मला विचारलंही नव्हतं. वर पुरावा जोडला, की मागे एकदा ती आमच्याकडे किल्ल्या विसरली होती. कोण किल्ल्या विसरत नाही हो? लिनने मावशीला जवळ घेतलं. म्हणाली, “असं कुणाचंही होऊ शकतं, डार्लिंग.” मावशी तिच्या मिठीत ताठ उभी होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. पंजा उघडून, मिटून. तोटी फिरवल्यासारखा.

आम्ही परत फिरलो. त्या दोघी म्हाताऱ्या कुठल्याशा फाट्यावर आमची वाट बघत बसल्या असतील — किती वेळ, मला माहीत नाही, नंतर विचारायची हिंमत झाली नाही. परतीच्या वाटेवर मावशीने तिचा मग घेतला नाही. एकदाही नाही. मी मात्र — सांगूनच टाकते — दोनदा घेतलं.

वेलिंग्टनला आल्यावर मी पत्रक लिहिलं, ‘पाणी कुणी चोरलं?’ खाणीबद्दल. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं पत्रक, असं सगळे म्हणाले. ग्रॅहमच्या शाळेतल्या फोटोकॉपी मशीनवर शाई संपेपर्यंत काढलं.

मावशी कामावर गेली. आणि मग आई जेवताना एकेक सांगायला लागली. सुलभा म्हणे आता ट्रे दोनदा तपासते. मग तीनदा. मग दुसऱ्या नर्सला हाक मारून तपासायला लावते, आणि ती तरुण पोर वैतागते. मग एक दिवस मावशी स्वतःच वॉर्डाच्या मुख्य सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, मला औषधांवरून काढा, माझी मला खात्री वाटत नाही. एकही चूक झाली नव्हती. आई म्हणाली, “काय झालंय तिला कळत नाही. त्या तुमच्या वाळवंटात बिघडली.” मी भात कालवत होते. म्हणाले, “वय होतंय आई.”

तुम्ही विचाराल, मी हे का केलं? घाबरले, असं लिहिलं की संपलं असतं. पण मी कशाला घाबरले? ग्रॅहमला? तो फार तर हसला असता. कदाचित मला त्यांच्यातली एक राहायचं होतं, कागदवाली. कदाचित मावशीचा रागच होता — तिने हात वर केला म्हणून, आणि लाजली नाही म्हणून. पाच वर्षं झाली, मी हे उलटंसुलटं करून बघतेय आणि दर वेळी वेगळंच उत्तर येतं. कधी कधी तर वाटतं, खरंच तिनेच सैल सोडली असेल. मग बोटांना ती घट्ट तोटी आठवते.

निवृत्तीचं ठरलं होतं त्याच्या चार वर्षं आधी मावशीने नोकरी सोडली. जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणलेला. मावशी बोलायला उभी राहिली आणि तिने तो किस्सा सांगितला — भर वाळवंटात अख्खा कॅन कसा सोडून दिला, वाळूला पाणी घातलं, झाड काही उगवलं नाही. छान सांगितला. लोक पोट धरून हसले. “तेव्हाच कळलं मला, आता बास,” असं म्हणून खाली बसली. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या मीही वाजवल्या.

आता ती ऑकलंडला असते, हिल्सबरोला, केतकीकडे. केतकी तिची मुलगी. माझ्याच वयाची, मराठी समजते, बोलते इंग्रजीत. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आईची तब्येत ठीक आहे म्हणाली, पण दारातून चार चार वेळा परत जाते, गॅस बघायला, नळ बघायला, आणि आता एकटी डेअरीपर्यंतही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही, जायला नको म्हणते. म्हणून स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्यांना सगळी हकिगत आधी लिहून हवी होती.

“मम म्हणते हे सगळं त्या कॅम्पिंग ट्रिपपासून सुरू झालं,” केतकी म्हणाली. “तू होतीस ना तिथे? खरंच तिने टॅप उघडा ठेवला होता? यू सॉ इट?”

मी म्हणाले, “हो.”

“त्याआधीही विसरायची का?”

मी म्हणाले, “थोडंसं. किल्ल्या वगैरे.”

तिने तो महिना कोणता होता ते विचारलं. मी आठवून बरोबर सांगितला. पलीकडे ती लिहून घेत होती.