यमुनाताईंचं इंग्रजी

फोन आला तेव्हा माझा नववीचा तास चालू होता. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम माझाच, पण कविताचं नाव दिसलं आणि मी खडू ठेवून दारात गेले. "मॅडम, आई गेली…" एवढंच ती बोलली. शेणव्याच्या पुढच्या त्या छोट्या वाडीत मी पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. यमुनाताईंना भिंतीशी निजवलं होतं. बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर येत होता… बिचारी. "बिचारी, येवढी शिकत बसली, हाताला काय लागलं?" त्या दिवशी मी काही बोलले नाही. मयताच्या दारात वाद घालायचा नसतो. आता महिना उलटलाय. तो शब्द मला मान्य नाही, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

मुरबाडची शाळा सोडून मी इकडे इंग्रजी शिकवायला आले, त्याच वर्षी एका दुपारी यमुनाताई शिक्षकांच्या खोलीत आल्या. वाडीच्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. पोरांना घरोघरून गोळा करायचं, हातपाय धुवायचे, खिचडी शिजवायची. पोरांना शिकवणारी सेविका व्हायचं तर दहावी हवी, आणि त्यांचं घोडं इंग्रजीत अडलेलं. नापास झाल्या त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलेलं. आमच्या भागात कितीतरी मुलींची शाळा अशी इंग्रजीच्या पेपरातच संपते. "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसनार हाय," त्या म्हणाल्या. "पन घरी पुस्तक उघडलं का कायच कळत नाय. तुमच्या तासाला मागं बसू द्या मॅडम. आवाज करनार नाय." मुख्याध्यापकांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मी मुद्दामच विचारलं नाही.

आवाज न करण्याचं वचन त्यांनी जेमतेम आठवडाभर पाळलं. मी पोरांकडून रोजची वाक्यं घोकून घेत होते. मे आय कम इन, मे आय ड्रिंक वॉटर, एक्स्क्यूज मी, सॉरी टीचर. मागून प्रश्न आला, "मॅडम, यातलं परवानगीचं नाय नि माफीचं पन नाय, असं एक तरी वाक्य हाय का?" पोरं हसली. पुढच्या बाकावर बसलेल्या कविताने, त्यांच्या मुलीने, वहीत तोंड खुपसलं. आई वर्गात बसते याची तिला इतकी लाज वाटायची की शाळा सुटली की ती वेगळ्या वाटेने घरी जायची. मी मात्र ती वाक्यं मनात पुन्हा म्हणून पाहिली. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आमची पोरं साहेबाच्या भाषेत आधी वाकायला शिकतात, आणि शिकवणारी मीच. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'आय वॉन्ट', 'आय थिंक', 'आय विल नॉट', आणि सांगितलं, प्रत्येकाने आपलं स्वतःचं वाक्य करायचं. पहिला हात यमुनाताईंचा. "आय वॉन्ट टीचर जॉब." मी 'अ' घालायला सांगितलं, तर म्हणाल्या, "अगोदर जॉब मिळूद्या, मग अ घालू."

गावात बोलणं सुरू झालंच. शाळा समितीचे अध्यक्ष एक दिवस माझा तास चालू असताना आत आले, मला नमस्कारही न करता सरळ मागे गेले. "बाई, तुमचं वय काय, तुमी बसता कुठं? शोभतं का हे? चला, घरी जा." यमुनाताई उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. मला वाटलं, आता पुस्तक उचलतील आणि जातील… त्या म्हणाल्या, "आय विल नॉट गो." अध्यक्षांना बहुधा नीट कळलं नाही. "काय म्हनाली ही?" त्यांनी मला विचारलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोवर पुढच्या बाकावरून कविता उठली. "आई म्हनते, ती जानार नाय," असं म्हणून तिने दप्तर उचललं आणि मागे आईशेजारी जाऊन बसली. मीही सांगितलं की यमुनाताई उठल्या तर माझा तासही तिथेच थांबेल. अध्यक्ष तणतणत गेले. मुख्याध्यापकांनी पुढे दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तास चालू राहिला.

पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या. लोक दारावरून जाताना विचारत, "झाली का हौस?" त्या म्हणायच्या, "नाय, अजून हाय." पुढच्या खेपेला काठावर पास झाल्या. वर्गात पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात शहापूरला चौकशीला गेल्या. तिथे कळलं की सेविकेसाठी आता बारावी लागते. परत आल्या त्या थेट माझ्याकडे. मला रडू आवरेना. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी कशाला रडता? सरकार पुढं सरकलं, आपन पन सरकू." बारावीची पुस्तकं आणली. त्याच वर्षी किडनीचं दुखणं निघालं.

कल्याणच्या इस्पितळात मी त्यांना शेवटचं पाहिलं. तोवर कविता नर्सिंगला लागली होती. डॉक्टर आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून ते कविताशी इंग्रजीत बोलू लागले. पेशंटला कळू नये म्हणून असेल, की कळणारच नाही अशी खात्री असेल… कविताचा चेहरा उतरत चालला. यमुनाताई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, वर्गात करायच्या तसा, पण बोलायला कोणाची वाट पाहिली नाही. "डॉक्टर, आय अ‍ॅम द पेशंट. टेल मी." डॉक्टर थबकले. मग त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आणि मराठीत सगळं सांगितलं, किती दिवस, किती त्रास, काय होऊ शकतं. यमुनाताईंनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाल्या, "या वेळेला 'द' बरोबर घातला का नाय?"

हाताला काय लागलं म्हणे! आपल्या मरणाची गोष्ट आपल्यासमोर, आपल्याला सांगितली गेली पाहिजे, हा हक्क त्यांनी मागून घेतला नाही, बजावला. बारावी राहिली, सेविकेची खुर्ची राहिली. राहू दे. मी बिचाऱ्या पुष्कळ पाहिल्यात. ही बाई त्यांतली नव्हती.

परवा वाडीत गेले होते, तेव्हा पाय आपोआप अंगणवाडीकडे वळले. एकच खोली, चुन्याच्या भिंती, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. हजेरी चालली होती. आमच्या शाळेत पोरं 'प्रेझेंट' म्हणतात, शब्द खाऊन, मान खाली घालून. इथे सेविकेने नाव घेतलं की पोर ताडकन उभं राहत होतं आणि छातीवर हात आपटून ओरडत होतं, "आय अ‍ॅम हिअर!" सेविका माझ्याकडे बघून म्हणाली, "यमुनाबायनी लावलेली खोड. म्या बदलायला बघितलं, पोरं ऐकत नायत." तेवढ्यात भिंतीशी बसलेली, नाक वाहणारी, अगदी चिमुरडी एक मुलगी आपलं नाव यायच्या आधीच उठली आणि सगळ्यांहून मोठ्याने ओरडली. सेविकेने तिला दटावलं, "तुजं नाव घेतलं का गो?"

मुलगी बसली नाही. पुन्हा ओरडली.